परत आलेल्या प्लेटा

६ जानेवारी

ती. मामा,

नमस्कार. हे पत्र तुम्ही आईला मोठ्यानं वाचून दाखवणार, म्हणून आधी तिचं सांगते. मी वेळेवर जेवते, खोलीच्या खिडकीला पडदा लावला आहे, आणि तिनं शिवलेला निळा ड्रेस कचेरीत सगळ्यांना आवडला. गळा कुठून शिवून घेतलास म्हणून दोघींनी विचारलं.

आता तुमच्यासाठी. शनिवारी मी शहरातल्या एका भारी हॉटेलात काट्या-सुरीनं जेवले आणि काटा एकदाही हातातून सुटला नाही.

कचेरीत आम्ही चौघी एका लांब टेबलाभोवती बसून शाळेची पुस्तकं तयार करतो. एक चित्रं काढते. दुसरी गणिताची पुस्तकं करते, ती बोलायला जरा तिखट. तिसरी आमच्यात मोठी, तिला सगळ्या ताई म्हणतात. ती चुका शोधते, पुस्तकातल्या आणि आमच्याही. मी धडे लिहिते. या तिघींचा जुना रिवाज आहे: महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी एखाद्या चांगल्या हॉटेलात जेवायला जायचं. हॉटेल आळीपाळीनं एकेकीनं निवडायचं, आणि जिनं निवडलं तिनं तिथं स्वतःसाठी काही मागवायचं नाही. बाकीच्या मागवतील ते मुकाट्यानं खायचं. या वेळी त्यांनी मलाही ओढलं.

आत मी सगळ्यांच्या मागून शिरले, खरं सांगते. पांढरे टेबलक्लॉथ, पाण्याचे पेले इतके पातळ की धरायची भीती, आणि एकेका माणसासमोर तीन-तीन काटे. मग एकदम आठवलं. मी सात वर्षांची होते, तुम्ही सुट्टीवर आला होतात. आईच्या शिलाई मशीनच्या फळीवर तुम्ही माझ्यासमोर बशी ठेवली, डाव्या हातात पेन्सिल दिली, उजव्यात फूटपट्टी, आणि म्हणालात, "बाहेरून आत यायचं, बाईसाहेब. घाई करणारा माणूस आतला काटा आधी उचलतो." मी बशीतली भाकरी फूटपट्टीनं कापत होते आणि आई हसून हसून दोरा ओवायची थांबली होती.

शनिवारी मी बाहेरून आत आले. चित्रकार म्हणाली, "तू तर लहानपणापासून अशीच जेवत आल्यासारखी दिसतेस." मी म्हटलं, "तशीच जेवत आले आहे."

तुमची
बी.ए.

---

१५ जानेवारी

चि. बी.ए. बाईसाहेबांस,

मामाचे आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं. भाकरीच्या ठिकाणी आई म्हणाली, "दादा, हे पुन्हा वाच." गळ्याचं कौतुक ऐकून तिनं शेजारणीला हाक मारली. तेव्हा तो भाग तीनदा झाला.

तू सगळं लिहिलंस, पण मुख्य गोष्ट राहिली. तुमच्या चौघींच्या प्लेटांत शेवटी काय उरलं होतं? माणूस काय मागवतो त्यावरून काही कळत नाही. ते तो दुसऱ्यांना दाखवायला मागवतो. काय टाकतो त्यावरून कळतं.

आमच्या हॉटेलात दर मंगळवारी एक नवरा-बायको यायचे. एकोणीस नंबर, खिडकीजवळचं टेबल. तो पावाची कड खायचा नाही. पण त्याच्या प्लेटेत कड कधी सापडायची नाही, कारण ती बायको खायची. तिच्या बशीच्या काठावर त्याच्या पावाचा चुरा असायचा, आणि ती स्वतः वाटाणे बाजूला काढायची ते त्याच्या प्लेटेत जायचे. अशी अकरा वर्षं. मग मध्ये काही महिने ती दोघं आलीच नाहीत. एका मंगळवारी एकोणीस नंबरची एकच प्लेट आली. वाटाणे एका बाजूला सारलेले, एकेक मोजून ठेवल्यासारखे. मी ती प्लेट बराच वेळ हातात धरून उभा राहिलो.

असो. तुला हॉटेलातल्या गोष्टी आवडतात म्हणून लिहिलं. तुझी आई म्हणते थंडीत कान बांधून जात जा.

मामा

---

४ फेब्रुवारी

ती. मामा,

तुमची वाटाण्यांची गोष्ट मी कचेरीत वाचून दाखवली. ताईंनी चष्मा पुसला. गणितवाली म्हणाली, "तुझे मामा लेखक आहेत का?" मी म्हटलं, "नाही, ते शहरातल्या मोठ्या हॉटेलात सव्वीस वर्षं कॅप्टन होते, सगळे वाढपी त्यांच्या हाताखाली." आणि हॉटेलचं नाव सांगितलं. तिघी माझ्याकडे बघतच राहिल्या. त्या हॉटेलात त्यांच्यापैकी कोणी कधी गेलेलं नाही.

तुम्हाला आठवतं, सुट्टीत तुम्ही आलात की आपण पायरीवर बसायचो? तुम्ही त्या हॉलबद्दल सांगायचात. झुंबराचा उजेड पाण्याच्या पेल्यांत कसा उतरतो, पाहुणे उठले की खुर्च्या कशा आवाज न करता सरकतात. मी ऐकता ऐकता तिथंच झोपायचे. शाळेत कोणी विचारलं, तुझे मामा काय करतात, तर मी उभी राहून सांगायचे. घरात दहावीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं, पण आपल्याकडे एक कॅप्टन होता. कॉलेजात बी.ए.चा फॉर्म भरताना भीती वाटली तेव्हा मी स्वतःला हेच सांगितलं: मामा त्या हॉलमध्ये ताठ उभे राहतात, मग मला फॉर्मच्या या खिडकीपाशी उभं राहायला काय झालं.

तर आता पाळी माझी आहे आणि मी तुमचं हॉटेल निवडलं आहे. एक मार्च. हॉल मॅनेजर अजून तेच आहेत असं कळलं. तुमचा निरोप देऊ ना? तुम्हाला तिथं शीळवाले म्हणायचे, एवढं मला ठाऊक आहे. आईला विचारा, तुमच्या शिळेशिवाय घर कसं वाटेल ते.

सध्या चौथीच्या मुलांसाठी धडा लिहिते आहे. कोणतंही काम हलकं नसतं, असा. ताई म्हणतात फार उपदेश होतोय. पण मला ते खरंच वाटतं, मग तसं लिहायचं नाही का?

तुमची
बी.ए.

---

११ फेब्रुवारी

चि. बी.ए.,

आशीर्वाद. घाईत लिहितो.

ते हॉटेल नको निवडूस. आता तिथं पूर्वीसारखं जेवण राहिलं नाही असं ऐकतो. नदीच्या रस्त्याला एक नवीन झालं आहे, तिथं मासा चांगला मिळतो म्हणे. गेलीसच तर माझं नाव काढायची गरज नाही. जुनी माणसं कामात असतात, त्यांना कशाला त्रास. नोकरी सोडून आलेल्या माणसानं मागं फार बघू नये.

आई बरी आहे. मशीनचा पट्टा बदलला.

मामा

---

२० मार्च

ती. मामा,

नमस्कार. पत्राला उशीर झाला, कचेरीत पुस्तकं छापायला जायची घाई होती.

आम्ही जाऊन आलो. जेवण चांगलं होतं. जुनं कोणी भेटलं नाही. आईला सांगा, मी बरी आहे.

बी.ए.

---

२९ मार्च

चि. बी.ए.,

आशीर्वाद. तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. साध्या सुपावर तू दोन पानं लिहितेस. त्या हॉलवर एक ओळ लिहिलीस. आणि मॅनेजर अजून आहेत हे फेब्रुवारीत तूच मला कळवलं होतंस.

हे पत्र आईला वाचून दाखवणार नाही. तूही तुझ्यापुरतंच ठेव.

मी कॅप्टन नव्हतो. वाढपीही नव्हतो. मी मागच्या खोलीत प्लेटा धूत होतो. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तिथंच.

हे कसं झालं ते सांगतो, सबब म्हणून नाही. पहिल्या वर्षी एका वाढप्याचं लग्न होतं, त्यानं फोटो काढायला म्हणून काळा कोट आणला होता. गमतीनं त्यानं तो माझ्या अंगावर चढवला आणि माझाही एक फोटो काढून घेतला. तो मी घरी पाठवला. तुझी आई तेव्हा नवीन लग्न होऊन सासरी गेली होती आणि तिथं तिला कोणी विचारत नव्हतं. तिनं तो फोटो सासूला दाखवला आणि म्हणाली, माझा दादा मोठ्या हॉटेलात साहेब आहे. मी सुट्टीत आलो तर तिच्या सासूनं मला बसायला खुर्ची दिली आणि तुझ्या आईला माझ्याशेजारी बसवलं. त्या घरात ती माझ्या देखत पहिल्यांदा खुर्चीवर बसली. मग मी ते कसं मोडणार होतो? नंतर तू झालीस आणि तू तर शाळेत उभी राहून सांगायला लागलीस.

हॉल मी पाहिला नाही असं नाही. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये एक झुलतं दार आहे, त्यात डोक्याच्या उंचीवर गोल काच आहे, बशीएवढी. प्लेटांचा ढीग उतरला की मी तिथं जाऊन उभा राहायचो. झुंबर दिसायचं, मधली टेबलं दिसायची, उजवीकडची भिंत दिसायची. डावीकडचा भाग खांबामुळं दिसायचा नाही. एकोणीस नंबर त्या बाजूला होतं. त्या नवरा-बायकोला मी कधी पाहिलं नाही. प्लेटा मात्र टेबलाच्या चिठ्ठीसकट यायच्या, त्यावरून मी त्यांना ओळखत होतो. खिडकी आहे हे मीच ठरवलं. अशा माणसांना खिडकीजवळ बसवत असतील असं मला वाटलं.

पायरीवर बसून तुला जे सांगितलं त्यात मी हॉलमध्ये उभा होतो, एवढंच खोटं होतं.

तुला तुझ्या मैत्रिणींपुढं मान खाली घालावी लागली असेल. माझ्यामुळं. रागावली असशील तर तसं लिही, पण लिही.

मामा

---

७ एप्रिल

ती. मामा,

तुमचं पत्र मी कचेरीच्या जिन्यात बसून वाचलं. तुम्ही माफी मागितल्यासारखं लिहिलं आहे. ती मला मागायची आहे, म्हणून आता काही न लपवता लिहिते. हेही आईला वाचून दाखवू नका. किंवा तुम्हीच ठरवा.

एक मार्चला आम्ही मधल्या टेबलावर बसलो होतो. जेवण संपत आलं होतं. मॅनेजर विचारपूस करायला आले, पिकलेल्या केसांचे, फार सौम्य. मी काही बोलायच्या आधीच ताई म्हणाल्या, "आमच्या हिचे मामा इथं कॅप्टन होते. सव्वीस वर्षं."

ते विचारात पडले. "मी इथं एकतीस वर्षं आहे," म्हणाले. "इतकी वर्षं टिकलेले कॅप्टन दोनच झाले. त्यांतले कोणते?"

मी म्हटलं, "ते कायम शीळ घालायचे."

मामा, त्यांचा चेहरा असा उजळला. "अहो, शीळवाले? आमच्या धुलाईच्या खोलीतले? ते तुमचे मामा?"

तिघी माझ्याकडे बघत होत्या. आणि मी म्हटलं, "नाही. ते दुसरे कोणीतरी असतील."

मॅनेजर म्हणाले, "माफ करा हं, माझी चूक झाली." आणि किंचित वाकून निघून गेले. त्यांनी माझी माफी मागितली. मी खोटं बोलले, आणि माफी त्यांनी मागितली.

तुमच्यामुळं मान खाली गेली, असं तुम्ही लिहिता. तसं नाही. तुम्ही खोटं सांगितलंत ते आईला खुर्ची मिळावी म्हणून. मी खोटं बोलले ते माझी खुर्ची सुटू नये म्हणून. आणि सोमवारी मी येऊन तो धडा पूर्ण केला. कोणतंही काम हलकं नसतं. चांगल्या अक्षरात लिहिला.

तुमचं पत्र आल्यावर दुसऱ्या दिवशी मी तिघींना सगळं सांगितलं. डबे उघडले होते, कोणी जेवेना. ताई म्हणाल्या, "म्हणजे धडा लिहिणारी तू आणि खोटं बोलणारीही तूच. हे मी कोणत्या पानावर दुरुस्त करू?" मला रडू आलं. मग गणितवाली म्हणाली, "मला त्याच दिवशी शंका आली होती. तू पुडिंग टाकलंस. तू कधी पुडिंग टाकतेस का?" आणि चित्रकार म्हणाली, "माझे बाबा इमारती रंगवायचे. मी इथं अर्जात कंत्राटदार लिहिलंय." त्यावर ताई तिला म्हणाल्या, "तुझं नंतर बघते." एवढ्यातही आम्ही हसलो.

या शनिवारी पाळी ताईंची होती. त्यांनी पुन्हा तेच हॉटेल निवडलं. मी मॅनेजरांना शोधून काढलं आणि उभ्या उभ्या सांगितलं, "मागच्या वेळी मी खोटं बोलले. शीळवाले माझे सख्खे मामा आहेत."

ते म्हणाले, "मला माहीत होतं. ऐकताना त्यांच्यासारखीच मान तिरकी करता तुम्ही." मग त्यांनी मला जे सांगितलं ते तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. म्हणाले, "मोठे शेफ कोणाचं ऐकायचे नाहीत. माझं तर नाहीच. पण रोज तीन वाजता मागच्या खोलीत जायचे, स्टुलावर बसायचे आणि शीळवाल्यांना विचारायचे, आज काय परत आलं? शीळवाले सांगतील त्यावर दुसऱ्या दिवशीचा मासा ठरायचा. ते गेल्यावर शेफ पंधरा दिवस स्टुलावर जाऊन बसत होते. नवीन माणसाला काही सांगता येईना."

मामा, पायरीवर तुम्ही मला सगळ्या खोट्या गोष्टी सांगितल्यात आणि ही खरी तेवढी ठेवून घेतलीत.

मग मी त्यांना म्हटलं, मला डावीकडची बाजू बघायची आहे. त्यांनी आम्हाला तिकडेच बसवलं. तुमच्यासाठी नीट बघून लिहिते. खांबाच्या पलीकडे चार टेबलं आहेत. एकोणीस नंबर अगदी टोकाला, दोघांपुरतं. शेजारी पाण्याच्या जगांचं कपाट आहे, त्यामुळं तिथं सारखी वर्दळ. खिडकी नाही. भिंत आहे, फिकट हिरवी, आणि खुर्च्यांच्या पाठी लागून लागून तिच्यावर दोन काळपट पट्टे पडले आहेत. हॉलमधली ती सगळ्यांत साधी जागा असावी. मी मॅनेजरांना मंगळवारच्या नवरा-बायकोबद्दल विचारलं. त्यांना आठवेनात. बराच वेळ त्यांनी प्रयत्न केला. म्हणाले, "इतकी माणसं येतात. चेहरे राहत नाहीत हो." तुम्ही त्यांचे चेहरे पाहिले नाहीत आणि तुम्हालाच तेवढे ते आठवतात.

मी ताईंबरोबर त्या टेबलाशी बसले, बाकी दोघी शेजारच्या टेबलावर. सूप, मासा, पाव. पावाची कडसुद्धा खाल्ली. वाटाणे आवडत नाहीत, तरी संपवले. माझी प्लेट मागच्या खोलीत जाईल तेव्हा ती धुणाऱ्या माणसानं काय ओळखावं, कोण जाणे.

तीन मेचा शनिवार चित्रकाराचा आहे. तिनं आत्ताच सांगून ठेवलंय: तेच हॉटेल, एकोणीसच्या शेजारचं टेबल, पाच खुर्च्या. पाचवी तुमची. तुमच्यासाठी मागवणार आम्ही. तुम्ही यायचं आहे. नाही म्हणू नका.

तुमची
बी.ए.

---

१६ एप्रिल

चि. बी.ए.,

आशीर्वाद. पत्र तीन दिवस खिशात ठेवून हिंडलो. चौथ्या दिवशी तुझी आई काज करत बसली होती, तेव्हा तिच्यासमोर बसलो आणि दोन्ही पत्रं ऐकवली. तुझं वाचून, आणि तुला पाठवलेलं तोंडी.

ती मान वर न करता म्हणाली, "दादा, कॅप्टनचे हात असे नसतात. तू पहिल्या सुट्टीत आलास तेव्हाच मी तुझी बोटं बघितली होती. पाण्यानं पांढरी पडलेली."

मी म्हटलं, "मग सासूला साहेब म्हणूनच का सांगत राहिलीस?"

तर म्हणाली, "खुर्ची मिळत होती. आणि तुला सांगून काय करायचं होतं? तुला तो कोट फार आवडला होता."

म्हणजे सव्वीस वर्षं मी तिच्यासाठी सांभाळत होतो आणि ती माझ्यासाठी. मग आम्ही दोघं इतके हसलो की शेजारीण विचारायला आली. तिला आईनं सांगितलं, "काही नाही, दादाला हॉटेलात जेवायला बोलावलंय." तेव्हा ते आता सगळ्या गल्लीला कळलं आहे आणि मला माघार घेता येत नाही.

तू खोटं बोललीस त्याबद्दल मी रागावावं अशी तुझी इच्छा दिसते. मी थोडा वेळ प्रयत्न केला. जमलं नाही. तू परत गेलीस ना. ते मला कधी जमलं नव्हतं.

शेफची गोष्ट सांगितली नाही कारण ती सांगायला मागच्या खोलीतून सुरुवात करावी लागली असती. खिडकी नाही हे वाचून वाईट वाटलं. पण दोन पट्टे आहेत म्हणतेस, त्यावर समाधान आहे. एक पट्टा तिचा असणार.

तीन तारखेला येतो. आई माझ्यासाठी कोट शिवायला बसली आहे. काळा नको म्हणून सांगितलं, तर करडा घेतला. वाटाणे मागवलेत तर मी खाईन, पण टाकलेलं काही तुम्ही कोणी माझ्यासमोर झाकू नका. मी बघणारच.

एकच अडचण आहे. सव्वीस वर्षं मी मागच्या गल्लीतून आत जायचो. हॉलचं पुढचं दार आत ढकलायचं असतं की बाहेर ओढायचं, तेवढं उलट टपालानं कळव.

मामा